लंबकाचा हापसा आणि फुकटच्या पाण्याचा हिशोब

‘दादा, हे बघ आणि खरं का खोटं ते सांग. वेल्डरला विचारलंय, दोन दिवसांत करून देतो म्हणतोय.’

मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ जेमतेम चाळीस सेकंदांचा होता. एक जाडजूड लोखंडी दांडी मधोमध टेकूवर ठेवलेली. एका टोकाला लांब सळईने लटकवलेला वजनदार गोळा, दुसऱ्या टोकाला पंपाचा दट्ट्या. सात-आठ वर्षांचा एक मुलगा त्या गोळ्याला नुसत्या बोटाने झोके देतोय आणि पलीकडे पाण्याची धार पडतेय. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘गुरुत्वाकर्षणावर चालणारा पंप. लाइट नको, डिझेल नको.’

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. शेतीची लाइट रात्रीची असते तेव्हा दोन वाजता विंचूकाट्यातून चालत जाऊन मोटर चालू करावी लागते. ते करणाऱ्या माणसाला असा व्हिडिओ खरा असावासा वाटला, तर त्यात त्याचं काही चुकत नाही. शिवाय व्हिडिओत लबाडी असतेच असंही नाही. अशी यंत्रं खरोखर आहेत. सर्बियातल्या वेल्को मिल्कोविच यांचं लंबक-तरफ यंत्र जगभर गाजलेलं आहे. लंबक हलतो, दांडी हलते, पाणीही येतं. दिसतं ते खरं असतं, घोळ त्यावरून काढलेल्या निष्कर्षात होतो.

तो घोळ उकलायला शाळेतल्या तीनच गोष्टी पुरतात: तरफ, लंबक आणि टक्कर.

जोर वेगळा, ऊर्जा वेगळी

रोजच्या बोलण्यात आपण ताकद, जोर, शक्ती, ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो. ‘त्याच्या अंगात लई ताकद आहे’ म्हणताना तो पोतं उचलतो की दिवसभर राबतो, हे आपण वेगळं काढत नाही. या लेखापुरतं मात्र ते वेगळं काढावं लागेल.

जोर म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. पुस्तकात याला बल म्हणतात. भिंतीला तासभर खांदा लावून उभे राहिलात तर जोर भरपूर लागला, पण भिंत जागची हलली नाही. ऊर्जेच्या वहीत भिंतीच्या नावावर शून्य. ऊर्जा खर्ची पडते ती जोर लावून वस्तू सरकली तर, आणि जेवढी सरकली तेवढी. म्हणून हिशोब असा: जोर गुणिले अंतर. मोजायचं माप ज्यूल. 100 ग्रॅमची वस्तू एक मीटर वर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो.

आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. हा आकडा जरा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहार काय देते आणि काय घेते

विहिरीच्या कडेचा दगड हलत नाही म्हणून आपण पहार घालतो. पहारीखाली एक धोंडा सरकवतो, तो टेकू. टेकूपासून दगड एक वीत आणि आपला हात आठ विती लांब असेल, तर आपण 25 किलोचा भार टाकला की दगडाला 200 किलोचा रेटा बसतो. जोर आठपट झाला!

झाला खरा. पण पहारीचं आपलं टोक आठ बोटं खाली गेलं तेव्हा दगड एक बोट वर आला. जोर आठपट झाला तसं अंतर आठव्या हिश्शावर आलं. गुणाकार तोच राहिला. तरफ म्हणजे नोटा मोडून सुटे पैसे देणारा दुकानदार. शंभराच्या नोटेचे दहा-दहाचे दहा देईल, अकरावी नोट मागितली तर नाही देणार.

गावातला हापसा ही हीच पहार. त्याच्या दांड्याचं प्रमाण साधारण आठास एक असतं, म्हणून आपला हात मीटरभर खाली-वर होतो तेव्हा आतला दट्ट्या वीतभरही हलत नाही. (जाता जाता सांगायला हवं: देशभर दिसणारा हा ‘इंडिया मार्क 2’ हापसा ज्या पंपांवरून पुढे आला, त्यातला एक ‘जालना पंप’ आणि एक ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखला जायचा. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरच्या दुष्काळी भागांत बोअरवेलवर काम करणाऱ्यांनी ते घडवले. आपल्याकडच्या या कामगिरीबद्दल आपण फारसं बोलत नाही.)

आर्किमिडीजने ‘उभं राहायला जागा द्या, पृथ्वी हलवून दाखवतो’ असं म्हटल्याचं सांगतात. गणित करून बघू. त्याचं वजन 60 किलो धरलं, तर पृथ्वीएवढं वजन मिलिमीटरभर उचलण्यासाठी त्याला पहारीचं आपलं टोक दहा हजार प्रकाशवर्षांहून जास्त दाबत न्यावं लागेल. जागा मिळाली असती, पण वेळ मिळाला नसता.

झोपाळ्याच्या कड्या कधी कुरकुरतात

आता लंबक. घरात झोपाळा असेल तर आज एकदा डोळे मिटून ऐका. पितळी कड्यांचा आवाज सगळा वेळ सारखा येत नाही. झोका मधून, म्हणजे अगदी खालून जाताना त्या दाबून कुरकुरतात आणि दोन्ही टोकांना जवळजवळ गप्प होतात. बसणाऱ्यालाही ते जाणवतं: खाली आलं की फळीवर दाबल्यासारखं, टोकाला पोटात हलकं.

याचं कारण असं. झोका टोकाला असतो तेव्हा क्षणभर थांबलेला असतो आणि दोरीवर वजनाचा काही हिस्साच येतो. खाली येताना तो वेग घेतो आणि सगळ्यात खालच्या जागी त्याची दिशा वर वळवायची असते. ती वळवण्याचं काम दोरीच करते, म्हणून तिथे तिला वजनापेक्षा जास्त ओढावं लागतं. किती जास्त, ते झोका किती उंचावरून सुटला यावर ठरतं. उभ्या रेषेपासून 60 अंशांवरून सोडला तर टोकाला दोरीवर निम्मं वजन आणि तळाशी दुप्पट. आडवा, म्हणजे 90 अंशांवरून सोडला तर तळाशी तिप्पट. दोरी लांब असो की आखूड, हे गुणोत्तर बदलत नाही.

म्हणजे 20 किलोचा गोळा 60 अंशांत झुलत असेल, तर ज्या खिळीला तो लटकवलाय तिच्यावरची ओढ कधी 10 किलो, कधी 40 किलो अशी बदलत राहते. व्हिडिओतली दांडी नाचते ती यामुळे. तळाशी 40 किलोची ओढ बसली की दांडीचं हे टोक खाली, पलीकडचं वर. टोकाला ओढ 10 किलोवर आली की दांडी परत. गोळ्याच्या एका पूर्ण फेरीत, म्हणजे जाऊन-येऊन, दांडी दोनदा दणका देते.

आणि पोराचं बोट? लंबक मोकळा झुलत असेल तर त्याला फार काही द्यावं लागत नाही. एक मीटर सळईचा आपला 20 किलोचा गोळा 60 अंशांवर गेला, की तळापासून अर्धा मीटर वर चढलेला असतो. त्यात साठलेली ऊर्जा साधारण 98 ज्यूल. समजा हवेत आणि खिळीच्या घासण्यात दर झोक्याला दोन ज्यूल वाया जातात. मग अर्धा मीटरभर हात सोबत नेत 400 ग्रॅमचा हलका रेटा दिला तरी झोका तेवढाच राहतो. एवढा जोर बोटातही असतो.

इथे डोळा फसतो. एका बाजूला 400 ग्रॅमचा रेटा दिसतो, दुसऱ्या बाजूला 40 किलोची ओढ दिसते आणि मन म्हणतं, शंभरपट झालं की! पण आपण दोन्हीकडे मोजला तो जोर. ऊर्जा मोजलीच नाही.

झोका चढवणारी मुलगी

‘ठीक आहे,’ मामेभाऊ फोनवर म्हणाला, ‘पण लंबक तर झुलतोच आहे. दांडी खाली-वर करण्याने त्याचं काय बिघडतं? तो आपला झुलतोय, दांडी आपली हलतेय.’

सगळ्या व्हिडिओंचा जीव या प्रश्नात आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभ्याने झोका चढवणारी मुलगी आठवा. तिला मागून कुणी ढकलत नाही. तरी चार-सहा झोक्यांत ती फांदीच्या उंचीला जाते. ती करते काय? टोकाला असताना गुडघे वाकवून खाली बसते आणि झोका तळातून जाताना ताडकन उभी राहते. परत टोकाला बसते, परत तळाशी उठते.

तळाशी उठणं अवघड का असतं, ते आता कळेल. तिथे तिचं वजन दुप्पट झाल्यासारखं असतं, आणि तेवढ्या ओढीच्या विरुद्ध ती स्वतःचं अंग वर उचलते. टोकाला बसताना मात्र ओढ निम्मी असते, त्यामुळे खाली येताना फार थोडी ऊर्जा परत जाते. उचलताना जास्त घातली, उतरताना कमी परत गेली. मधला फरक झोक्याच्या खात्यात जमा झाला आणि झोका चढला. ही ऊर्जा तिच्या मांड्यांतून आली. दुसऱ्या दिवशी त्या भरून येतात त्या यामुळे. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला इथल्या कॅथेड्रलमध्ये छताला टांगलेलं प्रचंड धूपपात्र आठ माणसं दोरी खेचून याच युक्तीने झुलवतात: तळाशी खेच, टोकाला ढील.

आता आपलं यंत्र बघा. तळाशी ओढ सगळ्यात जास्त असताना दांडीचं टोक, म्हणजे लंबकाची खिळी, खाली जाते. टोकाला ओढ कमी असताना खिळी वर येते. मुलीच्या बरोबर उलटं! ती जिथे वर उचलते, तिथे यंत्र खाली सोडतं. म्हणून तिचा झोका चढतो आणि यंत्राचा उतरतो. दांडीने पलीकडे जेवढं काम केलं, तेवढी ऊर्जा प्रत्येक दणक्याला लंबकातून उपसली जाते. लंबक आपला झुलत राहतो आणि दांडी आपली हलते, असं होतच नाही.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, करून बघता येतं. दांडीखाली लाकडी ठोकळे ठोकून ती घट्ट अडवा आणि लंबक सोडून झोके मोजा. मग ठोकळे काढा, पंपाला पाणी उपसू द्या, त्याच उंचीवरून लंबक सोडा, हात न लावता पुन्हा मोजा. पाणी उपसताना तो किती लवकर मरतो, ते डोळ्यांनी दिसतं.

आकड्यांतही दिसतं. 10 मीटर खोलीवरून अर्धा लिटर पाणी वर आणायला 49 ज्यूल लागतात. आपल्या गोळ्यात एकूण 98 होते. दोन दणके, खेळ खलास. पुढच्या प्रत्येक अर्ध्या लिटरला बोटाने 49 ज्यूल घालावेच लागतील, आणि त्याला बोट पुरणार नाही.

‘मग हातोड्याचं काय?’

काही व्हिडिओंत दांडीच्या पलीकडच्या टोकाला पंपाऐवजी घण असतो आणि तो ऐरणीवर दणादणा आपटतो. ते बघून तर कुणीही दबकेल. पण घरातला साधा हातोडाच घ्या. अर्ध्या किलोचा हातोडा सेकंदाला पाच मीटर वेगाने आला तर त्याच्यात सव्वासहा ज्यूल असतात. वाटीभर पाणी वीतभर उचलायला लागेल त्याच्या पंधरा-वीसपट म्हणा, फार नाही. तो खिळ्यावर बसला आणि दोन मिलिमीटरमध्ये थांबला, तर खिळ्यावरचा सरासरी जोर 300 किलोंच्या वर जातो. अर्ध्या किलोच्या हातोड्याने 300 किलो!

जादू नाही, तोच गुणाकार. हाताने अर्धा मीटरभर हळूहळू घातलेली ऊर्जा दोन मिलिमीटरमध्ये बाहेर पडली. अंतर अडीचशेपट घटलं म्हणून जोर तेवढा वाढला. पहार हेच करते, फक्त सावकाश. तरफ काय, लंबक काय, घण काय, तिघेही लांबवरून थोडंथोडं घेतात आणि जवळच्या जवळ एकदम देतात. तीन यंत्रं एकाला एक जोडली की डोळ्याला चमत्कार दिसतो, वहीत मात्र जमा तेवढीच.

‘पण कॅरममध्ये सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जोरात सुटते!’

हा आक्षेप मला एका नववीतल्या मुलाने घेतला होता आणि तो चांगला आहे, कारण त्याचं निरीक्षण बरोबर आहे. स्ट्रायकर 15 ग्रॅमचा, सोंगटी साधारण 5 ग्रॅमची. जड स्ट्रायकर हलक्या सोंगटीला सरळ मधोमध बसला, तर सोंगटी खरंच त्याच्यापेक्षा जास्त वेगाने पळते. टक्कर आदर्श धरली, म्हणजे आवाजात आणि उष्णतेत काही वाया जात नाही असं मानलं, तर दीडपट वेगाने.

मग वाढीव वेग आला कुठून? स्ट्रायकरकडे बघा. तो थांबला नाही, पण निम्म्या वेगाने मागून येतोय. टकरीत दोन हिशोब जुळावे लागतात. एक संवेगाचा: वस्तुमान गुणिले वेग. दुसरा ऊर्जेचा, त्यात वेगाचा वर्ग येतो आणि गुणाकार निम्मा करायचा असतो. स्ट्रायकरचा आधीचा वेग 1 मानू.

संवेग आधी: 15. नंतर: सोंगटीचा 5 गुणिले 1.5 म्हणजे 7.5, स्ट्रायकरचा 15 गुणिले 0.5 म्हणजे 7.5. बेरीज 15.

ऊर्जा आधी: 15 चे निम्मे, 7.5. नंतर: सोंगटीची 5.625, स्ट्रायकरची 1.875. बेरीज 7.5.

पै-पैचा हिशोब लागतो. सोंगटीने मारलेली उडी स्ट्रायकरच्या खिशातून. दोरीने टांगलेल्या पाच चकचकीत गोळ्यांचं खेळणं कुणाच्या टेबलावर असेल, तर त्यातही हेच: एक गोळा सोडला तर पलीकडून एकच उडतो, दुप्पट वेगाने एक किंवा निम्म्या वेगाने दोन असं कधी होत नाही. दोन निम्म्या वेगाने उडाले तर संवेग जुळतो पण ऊर्जा तुटते. एक दुप्पट वेगाने गेला तर दोन्ही हिशोब बिघडतात. पाच लोखंडी गोळ्यांना हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येतात, याचं मला अजून नवल वाटतं.

लोहचुंबक लावलेल्या पट्टीवर एक छर्रा हळू सोडला की पलीकडून दुसरा गोळीसारखा सुटतो, असाही एक व्हिडिओ फिरतो. ती ऊर्जा चुंबकाच्या ओढीची आहे आणि एकदाच मिळते. पुन्हा गोळी झाडायची तर चुंबकाला चिकटलेला छर्रा बोटांनी खेचून काढून मूळ जागी ठेवावा लागतो. ते खेचणं व्हिडिओत कधीच दाखवत नाहीत.

‘इतक्या लोकांनी डोकं लढवलं, एकालाही जमलं नसेल?’

लढवलं, आणि सामान्य डोकी नव्हती ती. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे: पोकळ आऱ्या, त्यात अर्ध्यापर्यंत पारा, एकदा फिरवलं की फिरतच राहणार. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. कल्पना अशी की चाकाच्या एका बाजूला पारा बाहेरच्या कडेला धावतो, दुसऱ्या बाजूला आसाकडे येतो. म्हणून एक बाजू सतत भारी. तरफेच्या भाषेत, एका बाजूची वजनं टेकूपासून लांब. पण असं चाक कागदावर काढून मोजलं तर कळतं की लांबच्या बाजूला वजनं थोडी असतात आणि जवळच्या बाजूला जास्त. चाक जरा डुलतं, तोल सापडला की उभं राहतं.

जर्मनीत कासेलला 1717 मध्ये योहान बेसलर नावाच्या माणसाने असंच एक चाक दाखवलं. बंद खोलीत ते कित्येक आठवडे फिरलं म्हणतात. लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक स ग्रावेसांडे ते तपासायला गेले आणि प्रभावित होऊन आले. पुढे बेसलरच्या घरच्या मोलकरणीने सांगितलं की चाक शेजारच्या खोलीतून हाताने फिरवलं जायचं. गंमत अशी की, याच स ग्रावेसांडे यांनी पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून दाखवलं होतं की वेग दुप्पट झाला तर खड्डा चौपट होतो. आत्ता कॅरमच्या हिशोबात वापरलेला वेगाचा वर्ग तो हाच. ज्याने ऊर्जेचं मोजमाप करायला मदत केली, तोच फुकटच्या चाकाला भुलला! त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा नियम पक्का व्हायला 1840 चं दशक उजाडावं लागलं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याआधीच, 1775 मध्ये, असल्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही असं जाहीर केलं होतं. आपल्या पेटंट कायद्यातही कलम 3(अ) आहे: सुस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा पेटंटला पात्र नाही. त्यामुळे ‘मोठ्या कंपन्या शोध दाबून टाकतात’ ही तक्रार मला कधी पटली नाही. विजेच्या बिलाने मेटाकुटीला आलेले कारखाने जगात काय कमी आहेत? एकाने तरी बसवून घेतलं असतं.

‘घर्षण काढून टाकलं तर?’

तर लंबक फार फार वेळ झुलेल, बस. चंद्र पृथ्वीभोवती अब्जावधी वर्षं फिरतोच आहे. फिरत राहणं वेगळं आणि फिरता फिरता दुसऱ्याचं काम करून देणं वेगळं. घर्षण नसलेला लंबक म्हणजे गळती नसलेली टाकी. गळती बंद केली म्हणून टाकी भरत नाही, आणि नळ सोडला की ती रिकामी व्हायचीच.

गळालेली ऊर्जा दिसत का नाही, तर ती उष्णता होते आणि एका जागी फार थोडी असते. जेम्स ज्यूल यांनी वजनं खाली पडू देऊन त्यांच्या जोरावर भांड्यातलं पाणी घुसळलं आणि ते किती तापतं हे मोजलं. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोचं वजन सुमारे 427 मीटर पडावं लागतं. खिळीच्या कुरकुरण्याने हाताला चटका बसत नाही तो यामुळे.

‘पण चावी न देता चालणारं घड्याळ असतं ना?’

असतं. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात 1864 चं बेव्हर्ली घड्याळ आहे, त्याला कुणी चावी देत नाही. त्याच्या आत हवेची बंद पेटी आहे. दिवसा हवा फुगते, रात्री आकसते आणि त्या हालचालीने घड्याळाचं वजन वर चढतं. चावी आहेच, ती ऊन देतं. मधे काही वेळा ते थांबलंय, त्यात हवामान पुरेसं न बदलणं हेही एक कारण होतं. शेतातलं सौर पॅनेल तरी वेगळं काय करतं? इंधन फुकट आहे, म्हणून हिशोब फुकट नाही: किती ऊन, किती वॅट, किती पाणी, हे सगळं कागदावर मांडता येतं. ‘गुरुत्वाकर्षणावर चालतं’ म्हणणाऱ्याला मात्र एकच विचारायचं: गोळा खाली आल्यावर वर कोण नेतं? धरणात ते काम सूर्य आणि पाऊस करतात. व्हिडिओत ते काम तो पोरगा करतोय.

मग लंबक लावणं निव्वळ वेडेपणा?

तसंही नाही. हापशाच्या दांड्यावर वाकून जोर देण्यापेक्षा उभ्याने लयीत झोके देणं पाठीला सोयीचं पडू शकतं. बैलगाडी आणि डोक्यावरचं ओझं यांत फरक आहेच ना? पण सोय म्हणजे जास्तीची ऊर्जा नव्हे. सुदृढ माणूस तासन्‌तास राबताना साधारण 75 वॅट देऊ शकतो. आठ तास न थकता राबला तर झालं 0.6 युनिट. पाच एचपीची मोटर 3,730 वॅटची असते. तिच्या जागी रांगेत पन्नास माणसं झोके देत उभी करावी लागतील. किंवा आपला तो 20 किलोचा गोळा दर सेकंदाला 38 वेळा 60 अंशांपर्यंत उचलावा लागेल.

हे सगळं मी मामेभावाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तरी यंत्र करून घेतलं, कारण वेल्डर त्याचा मित्र होता आणि लोखंड घरचंच पडलेलं होतं. गोळ्याच्या जागी जुनी वजनं बांधली, टेकूला ट्रॅक्टरचं बेअरिंग. दिवाळीत गेलो तेव्हा आम्ही ठोकळ्यांचा प्रयोग केला. दांडी अडवली तेव्हा पोरं शंभराच्या पुढे झोके मोजत गेली आणि कंटाळून सोडून दिली. मग ठोकळे काढून पंप जोडला. सहाव्या झोक्याला धार आटली, नवव्याला लंबक उभा.

मामी ओसरीतून बघत होत्या. म्हणाल्या, ‘तो दांडा काढा आणि फळी लावा त्याला. नातीला झोपाळा होईल.’

बेअरिंग चांगलं निघालं. अजिबात कुरकुरत नाही.